कोणते केंब्रिज?

'जावा' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? भूगोलवाल्याला इंडोनेशियाचे बेट दिसेल, संगणकवाल्याला १९९५ साली आलेली प्रोग्रॅमिंग भाषा आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनाला झेक बनावटीची मोटरसायकल. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला १८९१ साली सापडलेली 'जावा मानवा'ची कवटी आठवेल. आणि घरात विचाराल तर भावाभावांच्या बायका! प्रोग्रॅमिंग भाषेचे नाव कॉफीवरून पडले आणि कॉफीचे त्या बेटावरून, म्हणजे या दोघांचे दूरचे का होईना, नाते आहे. मोटरसायकलचा बेटाशी काडीचाही संबंध नाही. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून ते नाव झाले. रोमन लिपीत बेट आणि गाडी यांच्यात निदान एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही पुसला जातो.

विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात अशा नावांसाठी 'निःसंदिग्धीकरण पान' असते. नाव उच्चारायला अवघड, काम अगदी साधे: या नावाचे काय काय आहे त्याची यादी. चौकातल्या दिशादर्शक फलकासारखी. वाचक स्वतः शोध घेत तिथे आला तर उत्तमच. पण मोटरसायकलींवरचा लेख वाचताना 'जावा'वर टिचकी मारली आणि समोर बेट, भाषा, कवटी अशी यादी आली, तर वाचकाने काय समजायचे? लेखकाला कोणती जावा म्हणायची होती ते त्याला पक्के ठाऊक होते, दुव्याला ठाऊक नव्हते.

ही चूक लपून राहते. नसलेल्या पानाचा दुवा लाल दिसतो, त्यामुळे लगेच डोळ्यांत खुपतो. संदिग्ध दुवा मात्र इतर चांगल्या दुव्यांसारखाच निळा. कधी कधी तर लिहिणाऱ्याची चूकही नसते. त्याने दुवा दिला तेव्हा त्या नावाचा एकच लेख होता. पुढे त्याच नावाची आणखी दोन गावे, एक नदी आणि एक गायक ज्ञानकोशात आले, मूळ लेख दुसऱ्या नावाखाली हलवला गेला, आणि जुने सगळे दुवे एका रात्रीत चौकात येऊन उभे राहिले.

दुरुस्ती काही सेकंदांची. [[जावा]] असे असते तिथे [[जावा (प्रोग्रॅमिंग भाषा)|जावा]] असे करायचे. उभ्या रेघेच्या डावीकडे खरा पत्ता, उजवीकडे वाचकाला दिसणारा शब्द. वाक्य जसेच्या तसे राहते. पण असे दुवे हजारोंनी असले की काम कंटाळवाणे होते, आणि कंटाळवाण्या कामावर स्वयंसेवकांनी काढलेला जुनाच तोडगा म्हणजे शर्यत. यादी सर्वांसमोर ठेवायची, दुरुस्त केलेल्या दर दुव्यामागे एक गुण द्यायचा, मुदत संपली की गुणफलक लावायचा. बक्षीस म्हणजे फलकावरचे नाव. एवढ्यावरही लोक रात्री जागतात, हे मला अजिबात आश्चर्याचे वाटत नाही. शब्दकोड्याला तरी कोण पैसे देते?

कोडे आहेच ते. १९४९ साली अमेरिकी गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेण्याविषयी एक टिपण लिहिले. त्यांची कल्पना अशी: कागदाला एक भोक पाडा, त्यातून पुस्तकातला एकच शब्द दिसू द्या. त्याचा अर्थ सांगता येणार नाही. आता भोक रुंद करत जा, आजूबाजूचे शब्द दिसू लागले की अर्थ उलगडतो. किती रुंद केले म्हणजे पुरे, हा त्यांचा प्रश्न होता. 'जावा'च्या शेजारी 'उत्खनन' दिसले की बेट, 'कोड' दिसले की भाषा, इतके सोपे असेल तर भोक लहानच पुरते. 'दोघे जावावरून निघाले' या वाक्याला मात्र मागचा सगळा परिच्छेद वाचावा लागेल: ते बेट सोडत होते की गाडीला किक मारत होते?

याहून अवघड 'केंब्रिज'. समजा वाक्य आहे, 'गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले'. इंग्लंडमधल्या केंब्रिजला जगप्रसिद्ध विद्यापीठ आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला हार्वर्ड विद्यापीठ आहे आणि एमआयटी ही तंत्रज्ञान संस्थाही. विद्यापीठ, गणित, प्राध्यापक, प्रबंध हे सगळे शब्द दोन्हीकडे तितकेच शोभतात. इथे भोक कितीही रुंद करा, वाक्यांतून हाती काही लागत नाही. तळटीप उघडावी लागते, त्या माणसाच्या मार्गदर्शकाचे पान पाहावे लागते, दुसऱ्या भाषेतला लेख चाळावा लागतो. पंधरा मिनिटे जातात. गुण एकच.

स्पर्धेची गोम इथे आहे. गुणफलकाला कळते ते एवढेच की दुवा आता चौकात उभा नाही. तो योग्य घरी गेला की शेजारच्या, हे त्याला कळत नाही. घाईतल्या खेळाडूने 'इंग्लंडच असणार' म्हणून ठोकून दिले तर त्याला गुण मिळतो आणि दुवा यादीतून जातो तो कायमचा. संदिग्ध दुवा सापडतो, कारण तो चौकात असतो. चुकीच्या घरी गेलेला दुवा कुठल्याच यादीत येत नाही. माझ्या मते हा व्यवहार तोट्याचा आहे: संदिग्ध दुवा निदान 'ठरवलेले नाही' असे कबूल करतो.

तोटा वाचकापुरताही राहत नाही. २००७ साली संगणकशास्त्रज्ञ राडा मिहाल्चा यांनी दाखवले की विकिपीडियातले दुवे हे शब्दार्थ ओळखायला यंत्राला शिकवण्याचे तयार धडे आहेत. उभ्या रेघेच्या उजवीकडे शब्द, डावीकडे त्याचा अर्थ, भोवती खरेखुरे वाक्य. अशी उदाहरणे एरवी पगारी माणसे बसवून तयार करावी लागतात. इथे ती स्वयंसेवकांनी आधीच करून ठेवली होती. म्हणजे अंदाजाने ठोकलेले केंब्रिज यंत्राच्या वहीतही 'बरोबर' अशा खुणेने उतरते.

म्हणून मुरलेले खेळाडू खात्री नसलेला दुवा अंदाजाने बदलत नाहीत. इंग्रजी विकिपीडियात त्यासाठी एक खास साचा आहे, तो लावला की शब्दाच्या शेजारी बारीक अक्षरांत 'निःसंदिग्धीकरण हवे' अशा अर्थाची सूचना उमटते. गुण शून्य. मग कधीतरी त्या गणितज्ञाचे चरित्र वाचलेला कुणी तिथे येतो, दोन शब्द बदलतो आणि निघून जातो.