तलफ गुमटीवरच (चहा-सिगारेटच्या टपरीवरच) का येते?

सिगारेट सोडलेल्या कोणालाही विचारा की सगळ्यात अवघड वेळ कुठली, तर बहुतेक जण चहानंतरची म्हणतील. आणि आपल्या इंदौरमध्ये तर चहाला काही वेळ-काळ नाही, सकाळी पोहे, वर शेव अन् जीरावण, त्यावर एक कट चहा, आणि तो अर्धा संपतो न संपतो तोच हात आपोआप खिशाकडे. सोडून महिना झालेला असला तरी जातो. मग माणूस घाबरतो, म्हणतो आपल्याने हे होणार नाही, अजून एवढी तलफ येते म्हणजे सवय तशीच आहे. पण तसं नसतं. तलफ दोन प्रकारची असते, दोघींची कारणं वेगळी, मुदत वेगळी आणि इलाजही वेगळा, अन् गडबड होते ती एकीचं औषध दुसरीला दिल्याने.

पहिली शरीराची. कश ओढला की 10 ते 20 सेकंदात निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथल्या निकोटिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या निकोटिन पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं, त्यातून डोपामिन हे मजा वाटायला लावणारं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. 2006 साली अमेरिकेत ब्रेन स्कॅन करून पाहिलं तर एक-दोन कशांतच महत्त्वाच्या रिसेप्टरपैकी जवळपास निम्मे भरले होते आणि तीन तास होऊन गेले तरी भरलेलेच होते, अख्खी सिगारेट ओढली तर 88 टक्क्यांच्या वर. रोज असा मारा झाला की मेंदू रिसेप्टरची संख्याच वाढवतो. पंगतीला रोज जास्त पाहुणे येतात म्हणून पाट वाढवून ठेवले आणि एक दिवस कोणी आलंच नाही, तसं सिगारेट बंद केल्यावर होतं, रिकामे पाट सगळे. निकोटिन रक्तात दर दोन तासांनी निम्मं होत जातं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, डोकं न लागणं, सारखं काहीतरी खावंसं वाटणं, झोपेचा बट्ट्याबोळ. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतेकांचं उतरतं, आणि साधारण 6 ते 12 आठवड्यांत रिसेप्टरची संख्या कधीच न ओढणाऱ्या माणसाइतकी खाली येते, हेही स्कॅनमध्ये दिसलेलं आहे.

म्हणजे ही तलफ जाते. नक्की जाते. प्रश्न दुसरीचा आहे.

इस्रायलमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये एक मजेदार अभ्यास छापला, विमानातल्या सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांवर. हेच लोक कधी तीन ते साडेपाच तासांच्या फ्लाइटवर तर कधी आठ ते तेरा तासांच्या, आणि विमानात ओढता येत नाही. निकोटिन कमी झाल्याने तलफ येत असेल तर लांबच्या फ्लाइटच्या शेवटी ती खूपच जास्त असायला हवी ना? तर नाही. छोट्या फ्लाइटच्या शेवटी जेवढी तलफ होती तेवढीच साधारण लांबच्या फ्लाइटच्या शेवटी. आणि लांबच्या फ्लाइटमध्ये छोट्या फ्लाइटएवढे तास झाले होते तेव्हा मात्र खूप कमी, कारण उतरायला अजून अवकाश होता. म्हणजे तलफ तासांच्या हिशेबाने चालली नव्हती, आता ओढायला मिळणार या अंदाजाने चालली होती. आपणही पाहतोच की, रात्री सात-आठ तास झोपेत सहसा कोणी सिगारेटसाठी उठत नाही, मुंबईला जाणाऱ्या गाडीत माणूस घोरत पडतो अन् प्लॅटफॉर्म दिसला की कासावीस.

आता गुमटीकडे बघा. खांबाला बांधलेली, हळूहळू धुमसणारी सुतळी, टीनच्या डब्यावर उभी केलेली पाकिटं, चहाचा वास, "आओ भिया" म्हणणारा ओळखीचा माणूस, ऑफिसातले तेच तिघं. वर्षानुवर्षं या सगळ्याच्या पाठोपाठ निकोटिन आलंय, तर मेंदू ते शिकणारच, पावलोव्हची कुत्री घंटेवर लाळ गाळायची त्याच पद्धतीने. शिकलेलं असं पुसलं जात नाही. गुमटीवर जाऊन न ओढता परत आलात तर मेंदू एक नवी गोष्ट शिकतो, "इथे आलं तरी मिळत नाही", आणि ती जुनीच्या वर बसते, पण ती त्या जागेपुरती बसते. म्हणूनच सुट्टी टाकून घरी सिगारेट सोडलेला माणूस आठ दिवस निभावून नेतो आणि सोमवारी ऑफिसला गेला की पहिल्या चहालाच ढेपाळतो. त्याची इच्छाशक्ती कमी वगैरे काही नाही, त्याच्या मेंदूने घर शिकलंय, ऑफिस अजून शिकलेलं नाही.

त्यामुळे मला जे पटतं ते असं की पहिले दोन-तीन आठवडे गुमटी सरळ टाळावी, चहा घरी प्यावा नाहीतर दुसऱ्या दुकानावर, पण मग कायम लपून बसू नये. शरीराची तलफ उतरली की मुद्दाम त्याच जागी जावं, भरल्या पोटी, न ओढणाऱ्या एखाद्या दोस्ताला घेऊन, आणि लाट येऊ द्यावी. एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते, मग ओसरते. तेवढ्यात भरभर चालून आलात तर आणखी चांगलं, दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने तलफ कमी होते हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. "एकच कश" मात्र नाही, वरचा निम्म्या रिसेप्टरचा आकडा आठवा.

चहाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हरमधलं कॅफिन पचवणारं एन्झाइम जास्त जोरात काम करतं. सिगारेट बंद झाली की ते काही दिवसांत पूर्वपदावर येतं, आणि तेवढाच चहा पिऊनही रक्तात कॅफिन खूप जास्त साठतं, जवळपास दुप्पट होऊ शकतं. मग छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री दोनपर्यंत टक्क जागं, आणि माणूस म्हणतो बघा सिगारेट सोडली अन् तब्येत बिघडली! आमच्या ओळखीतले रामबागेतले एक काका असेच हैराण झाले होते, वर सिगारेटची जागा भरायला म्हणून चहा वाढवलेला, बायको म्हणाली चहा निम्मा करून तर बघा, तर आठवड्यात झोप लागायला लागली. हे एन्झाइम निकोटिनने नाही, धुराने वाढतं, म्हणून निकोटिनचं च्युइंगम घेतलं तरी हा बदल होणारच. दम्याचं थिओफायलिन किंवा मानसिक आजारावरचं क्लोझापिन चालू असेल तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना आवर्जून सांगा, तीही त्याच एन्झाइमने पचतात आणि डोस बदलावा लागू शकतो.

च्युइंगमचं निघालंच आहे तर, निकोटिनचं 2 मिलिग्रॅमचं गम मेडिकलवर मिळतं आणि निकोटिनच्या अशा पर्यायांनी सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते, पण लोक ते साध्या चिंगमसारखं चावत सुटतात. मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि फायदा काहीच नाही. ते गालाच्या आतल्या कातडीतून शोषलं जायला हवं. थोडं चावायचं, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचं, झिणझिणी गेली की परत थोडं चावायचं, अर्धा तास हेच. आणि आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्डड्रिंक काही नाही, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. चहाचा घोट घेत गम चघळणं म्हणजे पैसे वाया.

सिगारेटच्या जागी सुपारी धरणारे तर आपल्याकडे घरोघरी. ते नकोच, तमाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने स्पष्ट म्हटलंय. बडीशेप चालेल, लवंग-वेलची चालेल.

ज्यांना सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते त्यांची शरीराची तलफ जबर असते, त्यांनी नुसत्या निर्धारावर राहू नये. त्यांच्यासाठी 4 मिलिग्रॅमचं गम, कातडीला चिकटवायचा निकोटिनचा पॅच, तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या असे पर्याय आहेत, डॉक्टरांना विचारून. सरकारची फुकट क्विटलाइनही आहे, म्हणजे सिगारेट-तमाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, 1800-11-2356, हा नंबर 2018 पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण गुमटीवर सुट्टी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे, म्हणून इथे लिहिला, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.