रापणीचा दोर आणि नाशिकचा कॅमेरा

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून तारकर्ली-मालवणला जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाइल उघडा, एक फोटो हमखास सापडतो. ओळीने रापण, म्हणजे मासेमारीचं लांबलचक जाळं, किनाऱ्यावर ओढणारी माणसं आणि मागे बुडता सूर्य. बाहेरून येऊन दर्यावरच्या माणसाला असं टिपून नेण्याची रीत मोबाइलच्या दीडशे वर्षं आधीची आहे.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला छापले. त्यात कोळीही आहेत. पण माणसं एकीकडे टिपायची, कापायची आणि दुसऱ्याच देखाव्यावर बसवायची, असा त्याचा खाक्या. म्हणजे मागचा किनारासुद्धा त्या माणसाचा असेलच असं नाही!

जसं आहे तसं, आणि पुन्हा पुन्हा जाऊन टिपायचं, ही समज नंतरची. इथे आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांची आठवण काढावीच लागते, तीही सिनेमासाठी नव्हे. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ एकेक चौकट घेत त्याचा वेल टिपला. बदलतं गाव टिपायचं तर याहून वेगळी युक्ती नाही. चिकाटी मात्र तेवढी हवी.

मालवणचा वेल वाढला तो असा. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याला मच्छीमारांनी विरोध केला. १९९१ मध्ये किनारा नियमन आलं, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांना बंधनं आली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली.

रापण मागे पडली याचा दोष सगळा पर्यटनाचा नाही, हे फोटोत दिसत नाही म्हणून सांगायला हवं. रापण म्हणजे होडीने अर्धगोलात जाळं टाकून यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे आणि मिळेल त्या मासळीचे वाटे करायचे. मासळी काठाजवळ येईल तरच हा धंदा. यांत्रिक पर्ससीन बोटी, म्हणजे थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या बोटी, बाहेरच थवेच्या थवे उचलू लागल्या, तशी रापण रिकामी येऊ लागली. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तंटा मिटला नाही. मग डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या आणि घरातल्या दोन खोल्यांचं ‘निवास-न्याहारी’ हा आधार झाला. कित्येक घरांची चूल आज त्यावर पेटते. आपण हळहळावं आणि त्यांनी आपल्यासाठी गरीबच राहावं, हे काही बरं नव्हे.

आम्ही एकाच घरी उतरतो आणि दर खेपेला पायरीवर उभं राहून खळ्याचा, म्हणजे अंगणाचा, एक फोटो काढतो. पहिल्यात खारवलेले बांगडे सुकत पडलेत, कोपऱ्यात जाळ्याचा ढीग. मधल्या एकात शेणाच्या जमिनीवर लाद्या आल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. जाळं अजून आहे, पण आता ते शोभेसाठी भिंतीला टांगलेलं. यंदाच्या फोटोत खळं दिसतच नाही. तिथे गाडी उभी आहे, एमएच १५. आमचीच.