मलेरियाचं कार्ड अँटीबॉडी दाखवत नाही भो

पावसाळा लागला की धडगाव-अक्कलकुव्याकडचे तापाचे पेशंट वाढतात आणि तोच घोळ परत सुरू, "भाऊ, मलेरियाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली." नाही आली. आलं ते अँटीजेन.

अँटीजेन म्हणजे परजीवीचा माल, अँटीबॉडी म्हणजे आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेला. एवढं सगळ्यांना पाठ आहे, पुढे चला.

लोक फसतात ते कार्डावर, म्हणजे रक्ताचा थेंब टाकून रेघ बघायची ती झटपट तपासणीची पट्टी. मलेरियाच्या कार्डावर रेघेच्या जागी अँटीबॉडी चिकटवलेली असते हे खरं, पण ती कारखान्यात बनवलेली, पेशंटची नव्हे. ती रक्तातलं एचआरपी-२ नाहीतर पीएलडीएच पकडते, म्हणजे परजीवीचं प्रथिन. काळा आजार (काला-आजार, वेगळ्याच परजीवीचा ताप) त्याचं आरके-३९ कार्ड दिसायला सेम, पण काम एकदम उलटं. तिथे पट्टीवर परजीवीचं प्रथिन लावलेलं असतं आणि रक्तातून पकडली जाते पेशंटची स्वतःची अँटीबॉडी. म्हणून माणूस बरा होऊन कित्येक महिने झाले तरी आरके-३९ वर रेघ येत राहते, आणि ती बघून कोणी परत इंजेक्शनं सुरू केली की माझं डोकं फिरतं. विडालचा, म्हणजे टायफॉइडच्या अँटीबॉडी तपासणीचा, जुना रिपोर्ट जपून ठेवणारे पण याच जातीतले.

आणि अँटीबॉडी काय अख्ख्या परजीवीला ओळखत नाही हां. तिच्या दोन टोकांपैकी एकात बसेल एवढाच प्रथिनाचा छोटा उंचवटा, त्याला एपिटोप म्हणतात, तेवढाच तिला कळतो. पोळ्याला बैल फक्त शिंगांच्या रंगावरून ओळखणारं पोरगं असतं ना, तसं. रंग बदलला की बैल परका. फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा एक परजीवी, नेमकं हेच करतो, त्याच्याकडे लाल पेशीवर लावायच्या प्रथिनाची साधारण ६० जनुकं असतात, एका वेळी एकच वापरतो, शरीराने त्याची अँटीबॉडी बनवेपर्यंत काही परजीवी दुसरं लावून बसलेले. म्हणून एकदा मलेरिया झाला की परत होत नाही असं काही नसतं.

एक मात्र कबूल, अँटीजेनपण कधी कधी फसवतं. औषधाने परजीवी मेला तरी एचआरपी-२ रक्तात काही आठवडे रेंगाळतं, पीएलडीएच लवकर जातं कारण ते जिवंत परजीवीच बनवतो. त्यामुळे गोळ्या संपल्यावर "परत कार्ड करा" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो आणि काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघतो, वेळ लागला तरी चालेल.