रॉबिन्सन, एडी

रॉबिन्सन, एडी (१३ फेब्रुवारी १९१९ – ३ एप्रिल २००७) : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील थोर प्रशिक्षक. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकेचा स्वतःचा खेळ. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या लहानशा गावी कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या महाविद्यालयाचा संघ त्यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत घडवला. ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ बरोबरी अशी त्यांची कामगिरी आहे.

वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करत, आई घरकामाला जाई. लेलँड महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर रॉबिन्सन बॅटन रूज येथील पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. २२ व्या वर्षी प्रशिक्षकाची नोकरी मिळाली. पहिल्या हंगामात ३ विजय, ५ पराभव. दुसऱ्या हंगामात मात्र नऊच्या नऊ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण घेऊ दिला नाही. पुढची दोन वर्षे महायुद्धामुळे संघच नव्हता.

त्या काळात प्रशिक्षक म्हणजे सबकुछ. मैदानातले गवत कापायचे, सीमारेषा आखायच्या, खेळाडूंचे घोटे बांधायचे, सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला द्यायची, सगळे तेच करत. दक्षिणेतल्या वाटेवरच्या खाणावळी कृष्णवर्णीय मुलांना आत घेत नसत, म्हणून प्रवासासाठी सँडविच बांधून घ्यायचे. पहाटे गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत ते वसतिगृहातून फिरत आणि मुलांना वर्गासाठी उठवत. मुलगा शिकला पाहिजे हा त्यांचा आग्रह खेळाइतकाच पक्का होता.

त्यांचा शिष्य टँक यंगर १९४९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू. त्याच्यामागून रॉबिन्सन यांचे दोनशेहून अधिक शिष्य व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. तरीही संघाचा मेंदू मानला जाणारा क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असू शकतो, हे व्यावसायिक संघांना पटत नव्हते. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिसला जाणीवपूर्वक त्याच जागेसाठी तयार केले, नंतर डग विल्यम्सला. १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्यात, वॉशिंग्टनच्या संघाला जिंकून देत विल्यम्स सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॉबिन्सन यांच्या कारकिर्दीचे मोठेपण ४०८ या आकड्याहूनही इथे अधिक दिसते.

५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसमध्ये ३२४ वा विजय मिळवून त्यांनी विजयांच्या संख्येत अलाबामा विद्यापीठाचे ख्यातनाम प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांना मागे टाकले. ही तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : अलाबामाच्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ मध्ये. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे उघडली तशी गुणी कृष्णवर्णीय मुले तिकडे जाऊ लागली आणि ग्रॅम्बलिंगची भरती ओसरली. न्याय्य बदलाची ही झळ रॉबिन्सन यांना बसली. अखेरच्या दोन हंगामांत प्रत्येकी तीनच सामने जिंकता आले. १९९८ मध्ये त्यांच्या जागी प्रशिक्षक म्हणून आला तो डग विल्यम्स.