फोन ठणठणीत, तरी म्हातारा

साताऱ्याहून मामांचा फोन आला. "अरे, बँकेचं अ‍ॅप उघडतच नाही. म्हणे तुमची सिस्टीम जुनी झाली. फोन तर ठणठणीत आहे! काचेवर ओरखडा नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. आता नवा घ्यायचाच तर आयफोन घेऊ का? धाकटी तर हट्टच धरून बसलीय."

मामांचा फोन २०१८ चा, अँड्रॉइडवाला. सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख वाचायला सांगितलं. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली, मग उत्तर आलं: जून २०२०. बाहेरून चकचकीत असलेल्या त्या फोनची आतली डागडुजी जून २०२० मध्येच थांबली होती. फोन बदलताना कॅमेरा आणि किंमत सगळेच पाहतात. ही डागडुजी कोण करणार आणि किती वर्षं, हे दुकानात फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते अँड्रॉइड की आयफोन हा वाद तिथूनच सुरू व्हायला हवा.

जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' नावाच्या भागात एक भोक सापडलं. व्हिडिओ वाचून दाखवणं हे या भागाचं काम. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने धाडला, तर काही फोनांमध्ये मालकाने तो उघडण्याआधीच परक्याला आत शिरता येत होतं. गूगलने भोक बुजवणारी दुरुस्ती केली, पण ती कोट्यवधी फोनांपर्यंत पोचवायची कशी? अँड्रॉइडचा गाभा म्हणजे सर्वांसाठी खुला असलेला लिनक्स कर्नल, फोनचं हार्डवेअर हाताळणारा सिस्टीमचा सर्वांत आतला भाग. त्यावर गूगल आपली सिस्टीम रचते, क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप कंपनी आपले ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारे छोटे प्रोग्राम, जोडते आणि शेवटी फोन कंपनी आपला साज चढवते. प्रत्येक दुरुस्तीला या सगळ्या टेबलांवरून फिरावं लागायचं. त्यात एखाद्या टेबलावरच्या माणसाला ती पुढे सरकवण्यात काही फायदाच नसेल, तर ती तिथेच पडून राहायची. चार वर्षांपूर्वी विकलेल्या चिपसाठी नव्याने ड्रायव्हर लिहायला कंपनी का खपेल?

स्टेजफ्राइटने गूगलला जाग आणली. ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या काढण्याचा परिपाठ सुरू झाला. खरं महत्त्वाचं काम मात्र २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर झालं. त्याचं नाव प्रोजेक्ट ट्रेबल. तोवर घराची भिंत आणि आतलं वायरिंग एकत्रच लिंपल्यासारखं होतं; रंग बदलायचा तरी वायर उकराव्या लागत. ट्रेबलने मध्ये एक पक्का बोर्ड बसवला. एका बाजूला चिपशी बोलणारा भाग, दुसऱ्या बाजूला अँड्रॉइड. बोर्डाची मापं ठरलेली असल्यामुळे एक बाजू न उकरता दुसरी बदलता येऊ लागली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर सिस्टीमचे काही तुकडे प्ले स्टोअरमार्फत थेट बदलता येतात, फोन कंपनीची वाट न पाहता. पुढे २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ फोनला सात वर्षं अपडेट देण्याचा शब्द दिला. सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ मालिकेला तेवढाच दिला.

आयफोनकडे हा टेबलांचा खेळच नाही. चिपचा आराखडा, सिस्टीम आणि फोन, सगळं एकाच घरचं. म्हणून २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा दुरुस्ती मिळाली. घराण्याचं म्हणाल तर दोन्ही सिस्टीम युनिक्स या जुन्या संगणक-सिस्टीमच्याच. आयफोनच्या आयओएस सिस्टीममध्ये युनिक्सची बीएसडी शाखा रक्ताच्या नात्याने आली आहे. लिनक्स हा त्याच चालीरीतीत नव्याने लिहिलेला, म्हणजे मानलेला भाऊ.

सगळं एका हाती असण्याचं दुखणंही आहे. २०१७ मध्ये अ‍ॅपलने काही जुन्या आयफोनांचा वेग सिस्टीममधून कमी केला आणि ते उघडपणे मान्य केलं डिसेंबरमध्ये, बोभाटा झाल्यावर. कारण रसायनशास्त्राचं होतं. लिथियम-आयन बॅटरी थकली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. ते टाळायला प्रोसेसरलाच लगाम घातला. उपाय बिनचूक होता, पण न सांगता केला. कित्येकांनी नवी बॅटरी टाकायच्या ऐवजी नवा फोन घेतला असणार. बॅटरी म्हणाल तर दोन्हीकडची सारखीच मरते.

"पण आयफोनला रॅम कमी असते ना? मग महाग कसा?" मामांचा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. २०२३ च्या आयफोन १५ ला ६ जीबी रॅम आहे. त्याच वर्षीच्या गॅलक्सी एस२३ ला ८. याचं एक कारण कचऱ्यात दडलं आहे. अँड्रॉइडची बहुतेक अ‍ॅप जावा आणि कोटलिन या भाषांत लिहितात. तिथे वापरून झालेली मेमरी तशीच पडून राहते आणि मधूनमधून घंटागाडी येऊन ती उचलते. गाडी येईपर्यंत कचरा ठेवायला जागा तर हवी. जादा रॅमचा काही भाग ही जागा पुरवण्यात जातो. आयफोनच्या स्विफ्टमध्ये प्रत्येक वस्तू किती जण वापरतात याची मोजदाद चालू असते आणि शेवटचा माणूस दिवा मालवून जातो. यातही फजिती होते: दोन वस्तू एकमेकींसाठी थांबून राहिल्या तर कुणीच जात नाही आणि दिवा जळत राहतो. हा गुंता प्रोग्रामरला हाताने सोडवावा लागतो. तेव्हा दोन वेगळ्या घरांतल्या रॅमचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. दोन अँड्रॉइड फोनांत मात्र जरूर करा.

स्वभावातला फरक मामांना नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना दिसला असता. नंबर पडताळायला एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर तुम्ही परवानगी दिलीत की अ‍ॅप तो स्वतःच पाठवतं. आयफोनवर एसएमएसची खिडकी उघडते आणि 'पाठवा' तुम्हालाच दाबावं लागतं, कारण तिथे अ‍ॅपला परस्पर एसएमएस पाठवताच येत नाही. हीच मोकळीक आणि हीच अडवणूक सगळीकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फसवी एपीके फाइल (अँड्रॉइडवर परस्पर बसवायची) येते, ती आयफोनवर बसूच शकत नाही. अँड्रॉइडवर दोन-तीन धोक्याच्या सूचना ओलांडून ती बसवता येते, आणि घाबरलेला माणूस त्या सूचना ओलांडतो. मामा व्हॉट्सअ‍ॅपच्या अकरा ग्रुपांत आहेत, त्यामुळे आयफोनच्या बाजूने हा मुद्दा वजनदार होता.

तरी मामांनी आयफोन घेतला नाही. अँड्रॉइडच्या सवयीमुळे नव्हे, किमतीमुळे. सहा वर्षं सुरक्षा अपडेट देणारा मध्यम किमतीचा अँड्रॉइड घेतला. २०२४ च्या गॅलक्सी ए१६ ५जी पासून ही मुदत स्वस्त फोनांतही मिळू लागली आहे. मराठी मेनू त्यांना हवाच होता, तो अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून आहे. अनोळखी फाइल बसवायची परवानगी कुठल्याही अ‍ॅपला दिलेली नाही, हे मी स्वतः तपासलं.

जुन्या फोनमधून सिम आणि बँकेचं अ‍ॅप काढून टाकलं. तो आता देवघराशेजारच्या फळीवर असतो. सकाळी त्यावर आकाशवाणी लागते, आणि बॅटरी अजून संध्याकाळपर्यंत पुरते.