निर्णयवृक्ष (व्यवस्थापन)

निर्णयवृक्ष म्हणजे एकामागून एक घ्यावे लागणारे निर्णय आणि त्यांच्या अधेमधे येणाऱ्या, आपल्या हातात नसलेल्या घटना फांद्यांच्या रूपाने मांडणारी आकृती. निर्णयाच्या जागी चौकोन आणि अनिश्चित घटनेच्या जागी वर्तुळ काढतात. वर्तुळातून फुटणाऱ्या फांद्यांवर संभाव्यता लिहितात, त्यांची बेरीज १ भरते, आणि प्रत्येक शेंड्याशी हाती येणारी रक्कम असते. वृक्ष काढतात बुंध्याकडून, पण सोडवतात शेंड्याकडून. जॉन मॅगी यांनी १९६४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ही रीत व्यवस्थापकांसाठी विशद केली. संगणकाने माहितीसाठ्यातून वर्गीकरणाचे नियम शोधण्याच्या पद्धतीलाही हेच नाव आहे. तिचा विचार येथे केलेला नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नवे यंत्र घ्यावे की जॉबवर्कवर, म्हणजे बाहेरून काम करून घेऊन, भागवावे, या प्रश्नालाही हा वृक्ष लागू पडतो. परंतु त्याचे मर्म कांद्याच्या हिशेबात अधिक स्पष्ट दिसते. लासलगाव परिसरातील एका कल्पित पेढीच्या चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर कोठारात) मे महिन्यात १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे असे समजू. आज १,५०० रुपये भावाने दीड लाख मिळतात. ऑक्टोबरपर्यंत माल धरला तर घट आणि सड जाऊन ७० क्विंटल उरेल, चाळीचा खर्च ५,००० रुपये येईल, आणि भाव ३,००० तरी होईल किंवा १,५०० वरच राहील. वधारण्याची संभाव्यता ०.४ धरल्यास थांबण्याचे सरासरी मूल्य (प्रत्येक फांदीची रक्कम तिच्या संभाव्यतेने गुणून केलेली बेरीज) १ लाख ४२ हजार येते, म्हणजे आज विकणे बरे, ०.५ धरल्यास तेच १ लाख ५२ हजार ५०० होते आणि कौल फिरतो. उलटण्याचा बिंदू ०.४८ च्या आसपास आहे. त्यामुळे ‘भाव वाढेल की नाही’ हा न संपणारा वाद ‘शंभरात अठ्ठेचाळीस वेळा तरी वाढेल का’ इतका नेमका होतो, आणि वृक्षाचा खरा उपयोग उत्तरापेक्षा याच ठिकाणी आहे.

मात्र संभाव्यता अनुभवी माणसाच्या अंदाजातूनच येते, आणि पुष्कळदा मालकाचा निर्णय आधी ठरलेला असून आकडे मागाहून त्याला जुळवले जातात. न काढलेली फांदी तर हिशेबातच येत नाही : केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरात निर्यातच थांबवली. शिवाय सरासरी मूल्य ही अनेक हंगामांची गोष्ट असते. बँकेचा हप्ता थकलेल्या पेढीला एकच वाईट हंगाम पुरतो. भाव न वाढल्यास वरील पेढीच्या हाती लाखच पडतात. अर्धा माल आज विकण्याची तिसरी फांदी जोडली, तर त्याच वाईट वर्षी सव्वा लाख सुटतात.