बाळाच्या डोक्यावर हेल्मेट आलं कुठून?

तान्ह्या बाळाला उताणं झोपवायचं की पालथं, याबद्दलचं अमेरिकी डॉक्टरांचं मत गेल्या शतकात पार उलटलं. आज तिथल्या सहा-सात महिन्यांच्या बाळांच्या डोक्यावर चपटेपणा घालवण्यासाठी जी रंगीबेरंगी हेल्मेटं दिसतात, त्यांचा पसारा या उलटापालटीतून वाढला आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचा शब्द अमेरिकेतल्या आया प्रमाण मानत. त्यांनी उताण्या झोपेचे दोन तोटे सांगितले होते. बाळाला उलटी झाली तर ते गुदमरू शकतं, हा एक. ते एकाच बाजूला मान वळवून पडून राहतं आणि डोक्याची ती बाजू चपटी होते, हा दुसरा. म्हणून पालथं झोपवा, असा सल्ला. यातली गुदमरण्याची भीती पुढे निराधार ठरली. डोक्याबद्दलचं त्यांचं निरीक्षण मात्र अचूक होतं!

पालथ्या झोपेची किंमत कळायला काही दशकं गेली. चांगली धडधाकट बाळं रात्री झोपेतच दगावत आणि कारण सापडत नसे. नेदरलँड्समध्ये बालरोगतज्ज्ञ ख्यूस द योंगे यांनी १९८७ मध्येच पालथं झोपवू नका असं सांगायला सुरुवात केली. ब्रिस्टलमध्ये पीटर फ्लेमिंग यांच्या आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांच्या अभ्यासांतूनही तेच दिसलं. ब्रिटनने १९९१ मध्ये मोहीम काढली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ मध्ये ‘बॅक टू स्लीप’ (झोपताना पाठीवर) ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. दहा वर्षांच्या आत तिथले असे मृत्यू निम्म्यावर आले. बालआरोग्यात इतकं स्वस्त यश क्वचितच मिळालं असेल.

मग दवाखान्यांत उताणं झोपून डोकं चपटं झालेली बाळं येऊ लागली. बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, सांधे उघडे असतात, आत मेंदू झपाट्याने वाढत असतो. जिथे सतत दाब, तिथे वाढ अडते आणि डोकं दुसरीकडे फुगतं. मान एका बाजूला आखडलेली असेल तर बाळ हटकून त्याच कुशीला डोकं टेकवतं. त्यात दिवसभर कारसीट आणि झुलती खुर्ची. वरून पाहिलं की डोकं तिरक्या चौकोनासारखं दिसतं, चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं.

या गर्दीने डॉक्टरही गोंधळले. कवटीच्या मागचा सांधा वेळेआधी जुळून येण्याचा एक दुर्मीळ विकार आहे, त्याला शस्त्रक्रिया लागते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नुसत्या दाबाने चपटं झालेलं डोकंही कधीकधी त्याच खात्यात टाकलं गेलं आणि गरज नसलेल्या बाळांची कवटी उघडली गेली. दोन्हींतला फरक स्पष्ट करणारे अभ्यास १९९६ च्या सुमारास आले. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

हेल्मेटची कल्पना त्याआधीची. सिएटलच्या स्टर्लिंग क्लॅरेन यांनी सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये ती मांडली होती. हेल्मेट डोकं दाबून गोल करतं असा समज आहे, तो चुकीचा. ते उंचवट्याच्या भागाला टेकतं, चपट्या भागापाशी आत पोकळी असते, आणि वाढणारं डोकं त्या पोकळीत भरत जातं. दिवसातले २३ तास, काही महिने. आधी डोक्याचा प्लास्टरचा साचा घेत, आता स्कॅन करतात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या हेल्मेटांचा वेगळा वर्ग ठरवून ३ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी त्यांना वाट मोकळी केली आणि धंदा उभा राहिला. खर्च काही हजार डॉलरपर्यंत जातो. विमा कंपन्या बऱ्याचदा ‘हा दिसण्याचा प्रश्न’ म्हणून हात वर करतात.

आपल्याकडे डोक्याला आकार देण्याचं काम न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईच्या तळहाताचं आणि मोहरीच्या उशीचं. बाळंतपणाला परदेशी गेलेल्या आज्यांच्या बॅगेतूनही ही उशी जाते. तिथे मात्र गुदमरण्याच्या धोक्यामुळे पाळण्यात उशीच नको म्हणतात आणि २०२२ मध्ये औषध प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या उशांविरुद्ध इशाराही दिला. माझ्या मते आपल्या बाळांना उशीपेक्षा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या खांद्या-मांडीवर असण्याचाच जास्त उपयोग होत असावा.

हेल्मेटचा खरा कस लागला २०१४ मध्ये, तोही नेदरलँड्समध्येच. ८४ बाळं, अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण सुधारणा हेल्मेटवाल्यांत २६ टक्के आणि बाकीच्यांत २३ टक्के. फरक नगण्य. हेल्मेटमुळे त्वचेला त्रास मात्र जवळपास सगळ्यांना झाला. यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त होते: फार वाकडी डोकी आणि आखडलेल्या मानेची बाळं या चाचणीत नव्हती, शिवाय हेल्मेट कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायला बहुसंख्य पालकांनी नकार दिला होता.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूशल्यचिकित्सकांच्या संघटनेने मध्यम आणि तीव्र वाकडेपणासाठी हेल्मेटची शिफारस केली, पण आधीचे उपाय करून पाहिल्यावर. म्हणजे जागेपणी नजरेसमोर पोटावर खेळवणं, झोपवताना डोक्याची बाजू बदलणं, मानेचा व्यायाम. या उपायांना वेळ द्यायचा, पण हातात वेळ फार नसतो: पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर महिन्याला सुमारे दोन सेंटीमीटरने वाढतो, सहा महिन्यांनंतर जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरने. वर्ष उलटल्यावर हेल्मेटला करण्यासारखं थोडंच उरतं.